झोपू दे त्याला

“हा नव्हे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुसरा.”

ढोल्याला पुढे सारणारा शिंप्याचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला. शाळेत वर्गाची आरोग्य तपासणी झाली, दोन्ही मुलांना घेऊन या असा निरोप आला, तेव्हा नेमके कोणासाठी हे त्याने विचारलेसुद्धा नव्हते. जुळी मुले, ढोल्या फुगलेला, काडी सडसडीत. दोष कुठे असणार हे दिसतच होते, आणि नजरेवरच तर त्याचे पोट होते. गिऱ्हाईक उंबरठ्यात असतानाच तो मनात त्याची छाती-कंबर मांडून मोकळा होई. टेप लावायची ती निव्वळ समोरच्याच्या समाधानासाठी.

त्याच नजरेने त्याने घरातली पोरेही बेतली होती. ढोल्याची विजार सतत उसवून सैल करावी लागे. म्हणून उजाडायच्या आत त्याचे पांघरूण ओढले जाई आणि कालव्याच्या कडेने बापलेक धावत सुटत. आरंभी बाप पुढे नि मुलगा धापा टाकत मागे. हळूहळू ते उलटले, आणि धापा बापाच्या वाट्याला आल्या. तरी बुटाची नाडी बांधताना ढोल्याची कुरकुर असेच.

“त्याला का नाही उठवत?”

“त्याला कुठं पोट आहे? झोपू दे त्याला.”

त्याला म्हणजे काडीला. शाळेतून आला की खुर्ची, जेवला की खुर्ची. तोंडावर मोबाइलचा निळा उजेड, हाताशी गोड पेयाची बाटली. पण कुठलाही सदरा त्याच्या अंगावर असा बसे, की शिंपी त्याला दुकानात उभा करून गिऱ्हाइकांना दाखवी. “खाल्लेलं जातं कुठं याचं, कोण जाणे.”

ते कुठे जात होते, हे आता बाई सांगत होत्या. यकृतावर चरबी साठली होती. रक्तातली साखर काठावर येऊन ठेपली होती. “अंगकाठीवर जाऊ नका. एक जिना चढून आला, अजून श्वास खाली बसलेला नाही. हा बघा, जाडा दिसतो, पण दम आहे पोरात. रक्तही स्वच्छ. पळण्यानं राखलंय याला.”

“म्हणजे माझी मापं चुकली,” शिंपी हसू पाहत म्हणाला. हसू ओठांवरच विरले.

“वेळ गेलेली नाही. यालाही पळवा.”

“पळवाच,” ढोल्या भावाला कोपराने ढोसत म्हणाला. “कळू दे बेट्याला थंडी काय असते.”

शिंपी काडीसमोर खाली बसला. इतक्या जवळून, माप न घेता, त्याने या मुलाकडे कधी पाहिले होते ते त्याला आठवेना. डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. पोरगा जमिनीकडे बघत होता.

“उद्यापासून लवकर उठायचं हं, राजा. जड जाईल सुरुवातीला. सवय नाही तुला.”

“जागाच असतो मी,” काडी म्हणाला. “दार लागेपर्यंत वाटत राहतं, आज मलापण हाक माराल.”