मधलं बटण

बिट्रिसने माउसचं मधलं बटण दाबून धरलं, पडद्यावर छोटासा 'डी' काढला आणि बटण सोडलं. निवडलेली रेघ पुसली गेली. मग तिने एक तिरपी ओढ मारली. नकाशाचा तो कोपरा मोठा होऊन समोर आला. मेनू उघडला नाही, यादीत खाली खाली शोधलं नाही. नुसतं मनगट हललं.

"परत कर बघू," मागून आवाज आला.

काळुरामशेठ कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलंच नव्हतं. घोडबंदर रोडची जमीन विकून त्यांनी वागळे इस्टेटमध्ये हे ऑफिस टाकलं होतं. सहा कॉम्प्युटर, सहा माणसं. कारखान्यांना लागणाऱ्या सर्किट बोर्डांचे नकाशे इथे काढले जात. शेठना स्वतःला कॉम्प्युटर येत नव्हता. पण कोण किती वेळ लावतं, ते त्यांना बरोबर कळायचं.

बिट्रिसने परत करून दाखवलं. 'यू' काढला की चुकलेलं पूर्ववत व्हायचं, वर्तुळ काढलं की नकाशा पूर्ण दिसायचा. ही सोय प्रोग्राममध्ये होती, पण कुणी तिच्या वाटेला गेलं नव्हतं. बिट्रिसने चाळा करता करता ती शोधली होती आणि स्वतःच्या खुणाही बसवल्या होत्या. कुणीतरी विचारतंय म्हणून ती खूश झाली.

"हे सगळ्यांना आलं तर?"

"निम्म्या वेळात काम होईल, शेठ."

"म्हणजे निम्म्या माणसांत," शेठ म्हणाले. "सोमवारपासून तू शिकव. मग तिघं ठेवू. तू तर राहशीलच."

खोलीतल्या क्लिकांचा आवाज एकदम थांबला. बिट्रिसने माउसवरचा हात उचलला.

"मी नाही शिकवणार."

"काय?"

"लवकर घरी जाता यावं म्हणून मी हे शोधलं, शेठ. कुणाला घरी बसवायला नाही."

"अगं, मशीन माझं, पगार माझा!"

"हो ना. हात माझा आहे."

शेठचा चेहरा लाल झाला. आजवर या खोलीत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. "मग सोमवारपासून येऊ नको," ते म्हणाले. "तुझ्यावाचून अडत नाही कुणाचं." आणि ते शेजारच्या टेबलाकडे वळले. "वासंतीबाई, तुम्ही हिच्या बाजूलाच बसता. तुम्हाला येत असेलच. तुम्ही शिकवा. मुख्य म्हणून तुम्हालाच नेमतो."

बिट्रिसने वासंतीकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही. वासंती टिटवाळ्याहून यायची. कॉम्प्युटर नव्हते, फिल्मवर काळ्या पट्ट्या चिकटवून बोर्डांचे नकाशे काढत होते, तेव्हापासून ती या धंद्यात होती. मुख्य व्हायचं तिच्या मनात कधीचं होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यावर तर ती दोनदा शेठकडे जाऊनही आली होती. 'कालची पोरगी आणि कसली तिची जादू,' असं ती बिट्रिसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची.

पण गेल्या पावसाळ्यात क्लिक करून करून वासंतीचं मनगट सुजलं. तेव्हा बिट्रिस काही न बोलता तिच्या बाजूला खुर्ची ओढून बसली होती. रोज डबा खाऊन झाला की दोघी सराव करायच्या. आता वासंतीला प्रत्येक खूण येत होती. काही तर बिट्रिसपेक्षाही सफाईने.

"या, दाखवा," शेठ म्हणाले.

वासंतीने माउस हातात घेतला. तिचं बोट मधल्या बटणावर टेकलं. सगळ्यांनी ते पाहिलं. क्षणभर ते तिथेच राहिलं.

मग तिने बोट डावीकडे सरकवलं. मेनू उघडला. चष्मा नाकावर सारून ती एकेक ओळ वाचत खाली गेली, चुकीच्या ओळीवर थांबली, परत वर आली.

"पुसायचं कुठे असतं, सापडतच नाही मेलं," ती पुटपुटली. "मला नाही येत हो ते, शेठ. ते हिचं हिलाच जमतं. हिला घालवलंत तर तेही गेलं."

शेठनी तिच्या पडद्याकडे पाहिलं. मग खोलीभर एक नजर फिरवली. प्रत्येक पडद्यावर मेनू उघडला होता आणि प्रत्येक जण त्यात काहीतरी शोधत होता.

"म्हणजे सहाच्या सहा लागणार मला?" ते शेवटी म्हणाले.

"सहा कुठले पुरतात, शेठ?" वासंती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "काम बघा ना केवढं पडलंय."