समेची टाळी

ते साल २०४६. मिरजेत पायांतलं बळ गेलेल्यांच्या घरी गाण्याच्या पेट्या बसल्या, तशी अनसूयाबाई गुरवांकडेही बसली. माणसाची हालचाल बघून पेटी गाणं रचायची आणि त्या गाण्यावर बाई चाकाच्या खुर्चीत बसून हात उचलायच्या. हात डोक्यावर नेऊन टाळी जमली की पेटीसोबत दिलेली मदतनीस परत बोलवायची, असा नियम होता.

"मेली चहाडखोर आहे. सगळं वर कळवते," बाई पेटीकडे बघत कुजबुजल्या.

"मग हात खांद्याशीच थांबवा की, मावशी," मदतनीस रेहाना म्हणाली. "मला कुठं जायची घाई आहे?"

बाई मुद्दाम रेंगाळू लागल्या. पेटीनेही निमूटपणे लय उतरवली, तसा बाईंचा संशय वाढला. आठव्या दिवशी पेटीने भजनाचा ठेका धरला. देवळात तीस वर्षं झांज वाजवलेले ते हात. सम आली आणि डोक्यावर खणखणीत टाळी वाजली.

"घात केलात, मावशी."

"सम कशी सोडू गं?"

पेटीने त्याच दिवशी कळवलं. रेहानाला सांगलीत दुसरं घर मिळालं. सुट्टीच्या दिवशी मात्र ती आपणहून मिरजेला यायची. या भेटीही वर कळवायची म्हणून पेटीवर बाईंनी जाड गोधडी टाकली, आणि भजन म्हणताना शेवटपर्यंत टाळी मांडीवरच दिली.