प्रश्न बंद करण्यात आला आहे

सणसर गावात स्वरूपाच्या गोठ्यातली म्हैस पोट फुगून आडवी झाली. जनावरांच्या डॉक्टरांचा फोन लागेना, म्हणून तिनं मोबाईलवरच्या पशुपालक मंचावर पहिल्यांदाच प्रश्न टाकला : ‘म्हैस फुगलीय. काय करू? लवकर सांगा.’

एका जाणकाराचं उत्तर आलं : ‘नवीन दिसता. “लवकर” या शब्दानं आमच्यावर दबाव येतो. काढा.’

तिनं काढला.

‘आता प्रश्नात तळमळ दिसत नाही,’ दुसऱ्यानं लिहिलं.

‘अवो, मरंल की ती.’

‘भविष्याविषयीचे प्रश्न इथे चालत नाहीत. शिवाय सूर उद्धट आहे. प्रश्न बंद.’

तेवढ्यात सासरे आप्पासाहेब रानातून आले. त्यांनी म्हशीला गोडं तेल पाजलं, कूस चोळली. तासाभरात म्हैस ढेकर देऊन उठली आणि वैरणीला लागली.

स्वरूपानं राग गिळून हा उपाय आपल्या प्रश्नाखाली लिहिला. मंचानं तो पुसला : ‘नवख्यांनी उत्तरं देऊ नयेत.’

दुसऱ्या दिवशी जवळच्याच लासुर्णे गावच्या कुणा ऋषिराजनं लिहिलं, ‘म्हैस फुगलीय, हात जोडतो.’ जाणकारांनी त्याला झापलं : ‘हे आधीच विचारून झालंय, तिथे वाचा,’ आणि स्वरूपाच्या बंद प्रश्नावर पाठवून दिलं.

स्वरूपानं तेलाची बाटली डिकीत टाकली आणि स्कुटी काढली.

“भर उन्हाचं कुठं गं?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“लासुर्ण्याला, आप्पा. एकाची म्हैस फुगलीय.”

“घर ठावं हाय का त्याचं?”

“न्हाय. पर गावात विचारल्यावर सांगत्यात.”