गरजू दिसलं पाहिजे

पंखा लावायचा की नाही यावरून सकाळपासून दोघींची धुसफूस चालली होती. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणत होत्या, मुलं घामाघूम होतील. अर्जवाली म्हणाली, होऊ देत. तिने बटण बंद केलं आणि पाती थांबेपर्यंत वर बघत उभी राहिली.

केंद्र दोन खोल्यांचं. पायांनी अधू असलेली मुलं तिथे व्यायामाला येत. मालकाला त्या जागेत दुकान काढायचं होतं. वाढीव भाडं देता आलं नाही तर महिनाअखेर कुलूप. मग ही मुलं घरात पडून राहणार, कारण दुसरं केंद्र एवढं लांब होतं की तिथे रोज न्यायला कुणालाच परवडलं नसतं. उरली होती एकच आशा. संस्थांना पैसे देणाऱ्या एका मोठ्या निधीकडे केलेला अर्ज.

तो अर्ज अर्जवालीने लिहिला होता. लेकीला इथे आणायला लागली, बाईंना कागदपत्रांचं काही कळत नाही हे तिने पाहिलं आणि ती इथेच चिकटली. कोण कशाला अनुदान देतं, हे ती मोबाइलवर शोधत बसायची. शाळेत निबंधाला भोपळा मिळवलेली बाई आता आसपासच्या संस्थांचेही अर्ज लिहून द्यायची. तिचं खरं नाव सगळे विसरले होते.

एक गोष्ट ती ठेच लागून शिकली होती. मागे एक देणगीदार आला, त्याने भिंतींचा ताजा रंग बघितला, खिदळणारी मुलं बघितली आणि तुमचं बरं चाललंय की, असं म्हणून पाठ फिरवली. रंग बाईंच्या दिराने फुकट दिला होता, पण ते ऐकून घ्यायला तो थांबला नाही. या लोकांना दुःख लागतं, आणि तेही ताटात वाढून. तेव्हापासून पाहणीच्या दिवशी भिंतीवरचे फोटो उतरायचे, नवं सामान शेजारच्या शिवणवालीकडे जायचं. जी मुलं फार तरतरीत दिसत, त्यांना सुट्टी मिळायची.

लेकीला मात्र सुट्टी नव्हती. अर्जावर तिचाच फोटो होता.

ती खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसली होती, कपाळाला आठ्या घालून. मामाने आणलेले बूट आईने तिच्या पायातून काढून कपाटात टाकले आणि गुडघ्यांवर पांघरूण घातलं.

लेक म्हणाली, "उकडतंय. किती वेळ बसायचं?"

"गाडी जाईपर्यंत. आणि तोंड बंद."

बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

निधीच्या मॅडम आल्या त्या मात्र वेगळ्याच निघाल्या. सुती कपडे, खांद्याला झोळी. दिलेली खुर्ची बाजूला सारून त्या मुलांमध्ये जमिनीवर बसल्या. चहा नको म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की मागच्या आठवड्यात एका संस्थेने पाहणीपुरती शेजारच्या शाळेतली मुलं आणून बसवली होती. खोटं सापडलं की मॅडम सगळ्या निधींना कळवत. मग त्या संस्थेला कुणी दारात उभं करत नसे. हे सांगताना त्या हसत होत्या. अर्जवालीही हसली. तिने लेकीच्या गुडघ्यांवरचं पांघरूण नीट केलं.

मॅडमनी लेकीला विचारलं, तुला काय हवं? लेकीने आईकडे बघितलं आणि घरी जायचंय म्हणाली. सगळे हसले. मॅडम उठल्या, खोलीभर फिरल्या आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी कपाट उघडलं.

"हे बूट कुणाचे?"

"हिचे," अर्जवाली म्हणाली. "देणगीत आले."

"मग घालत का नाही?"

"घालून काय करणार ती?"

मॅडमचे डोळे भरून आले. अर्जवालीने ते पाहिलं आणि मनात म्हणाली, जिंकलं.

जाताना मॅडम उंबऱ्यात थांबल्या. इथे आल्यापासून एखादं मूल उभं राहिलं का, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाईंचे ओठ हलले. अर्जवाली मध्येच म्हणाली, प्रयत्न चालू आहेत.

"म्हणजे एकही नाही?"

"अजून तरी नाही."

मॅडमनी झोळी खांद्यावर नीट केली. मग त्या बाईंकडे न बघता म्हणाल्या, "आता दोनच नावं उरलीत. तुमचं आणि अजून एक. त्यांच्याकडे पंखे चालतात, रंग आहे, सगळं तुमच्याहून बरं आहे. पण त्यांच्याकडची दोन मुलं भिंत धरून उभी राहतात. तुमच्याकडे निदान एक जरी राहिलं असतं ना, तर मी तुमच्यासाठी भांडले असते. उपयोग होत नाही तिथे पैसा कसा घालू? तुम्हीच सांगा."

अर्जवालीने तोंड उघडलं. मघाशी ऐकलेलं आठवलं. खोटं सापडलं की सगळ्या निधींना कळवतात. तिने तोंड मिटलं.

बाई तिच्याकडे बघत होत्या. सांग, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. अर्जवालीने मान हलवली. नाही.

मॅडमनी दोघींना हात जोडले. गाडी गल्लीच्या तोंडाशी जरा अडकली, समोरची हातगाडी हटली आणि ती वळून दिसेनाशी झाली.

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. अर्जवाली दारातच उभी होती.

"गेली का गाडी?" लेकीने आतून विचारलं.

"गेली."

लेकीने पांघरूण भिरकावलं, खुर्चीतून उठली, आणि ती चाकांची अडगळ ढकलत तरातरा आतल्या खोलीत ठेवून आली.