आतून लावलेली पट्टी

“पहिला मेसेज मी टाकला होता. तेवढा एकच,” औषधवाल्याची मुलगी म्हणाली. “ग्रुपवर सगळ्या हसल्या म्हणून. पुढचे माझे नाहीत, बाई. शप्पथ.”

“चोर सापडला की एकच चोरी कबूल करतो,” मोठ्या बाई म्हणाल्या. शाळेत मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाईच म्हणत. औषधवाल्यानं मान खाली घातली. दुकान तसंच उघडं टाकून तो धावत आला होता. तो नुसता मुलीच्या दप्तराचा पट्टा सरळ करत राहिला.

टेबलाच्या अलीकडे शिंपीणबाई बसली होती, शेजारी तिची धाकटी. खुर्ची मऊ होती, आणि शिंपीणबाईला तिचीच धास्ती वाटत होती. पाठ टेकली की डोळा लागायचा. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना पुसून, भरवून, कूस बदलून ती निघाली होती. नवरा परगावी कामाला. घरी गिऱ्हाइकांचे कपडे गठ्ठ्यानं पडलेले. आणि त्यात महिनाभर हे नवीन. कुठल्याशा निनावी खात्यावरून पोरीला मेसेज यायचे. ढब्बी. काळतोंडी. तुला विचारतंय कोण. एक खातं बंद करावं तर दुसरं उगवायचं. मेसेज आला की धाकटी रडायची, आणि शिंपीणबाई मशीन झाकून तिच्याजवळ जाऊन बसायची. दोघी मिळून वाचायच्या. धाकटी मांडीवर डोकं ठेवायची, ही तिच्या केसांतून हात फिरवायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची, तर कुरकुरू देत. देव ज्याची त्याची परीक्षा बघतो, आईची तर त्यानं कधी सुट्टीच ठेवलेली नाही.

“तुमचं काय म्हणणं?” मोठ्या बाईंनी विचारलं. “हिचं नाव तुमच्या मुलीनंच घेतलंय. तुम्ही हो म्हणा, आजच्या आज शाळेतून काढते. असलं तण मुळासकट उपटावं लागतं.”

शिंपीणबाईच्या ओठांवर हो आलंच होतं. येताना वाटभर तिनं तेच घोकलं होतं.

“कालचाच बघा. संध्याकाळचा.” मोठ्या बाईंनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. “‘भावाच्या पँटची पट्टी आतून जोडून स्कर्ट वाढवलाय, भिकारडी.’ वाचायला लाज वाटते हो.”

कालचा तेवढा शिंपीणबाईनं ऐकला नव्हता. धाकटी वाचायला लागली आणि हिला पेंग आली होती.

आता तिची झोप पार उडाली.

स्कर्ट आखूड झाला होता. तिनं खालची दुमड उसवून तो लांब केला. पुन्हा दुमडायला कापड उरेना, म्हणून थोरल्याच्या विटक्या पँटची पट्टी आतून लावली. टाका असा घातला की बाहेरून कुणाच्या बापाला दिसू नये. हे काल दुपारी. तेव्हापासून स्कर्ट घरातच खुंटीला होता. धाकटीनं तो आज सकाळी पहिल्यांदा घालून शाळेत आणला. थोरल्याला तर पत्ताही नव्हता. तो सकाळी तीच पँट शोधत घरभर फिरत होता.

तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी आपल्या नखांकडे बघत होती. रडत नव्हती.

गप्प बसणं सोपं होतं. पहिला दगड त्या पोरीनं मारला होताच, मग बाकीचेही तिच्याच नावावर गेले तर विचारणार कोण? आपली झाकली मूठ राहिली असती. समोर औषधवाल्यानं दप्तराचा पट्टा पुन्हा एकदा सरळ केला.

“पहिला तेवढा हिचा, बाई,” शिंपीणबाई म्हणाली. “बाकीचे आमच्या घरातून आलेत.”

“घरातून म्हणजे?”

“मी बघते ना ते. हिला वर्गात जाऊ द्या.”

मोठ्या बाई काही विचारणार होत्या. पण शिंपीणबाईच्या तोंडाकडे बघून त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

बाहेर जिना रिकामा होता. कुठल्याशा वर्गात पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. तीन पायऱ्या उतरून शिंपीणबाई थांबली. ती भिंतीला धरून खाली बसली. चार ठेवून द्याव्यात असं मनात होतं, पण हात उचलायचं त्राण नव्हतं.

“कुणी स्वतःलाच असं लिहितं का गं?” तिनं विचारलं. “आं? एवढं घाण घाण?”

धाकटी एक पायरी खाली उभी राहून कठड्याचा रंग खरवडत होती.

“पहिला आला त्या दिवशी तू मशीन बंद करून माझ्याजवळ बसलीस,” ती म्हणाली. “मग दुसरा येईचना, आई. खूप वाट बघितली मी. आणि तू परत मशीनवर बसायला लागलीस.”