बोटफेरीचा शर्ट

बेटाच्या किनाऱ्याने फिरवणारी बोट उद्या सकाळी सुटणार होती आणि बाबांची तयारी आजच उरकली होती. हॉटेलच्या खोलीत त्यांनी स्वतःचा अन् लेकीचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

"मी नसतो ना, तर तू पारोशीच बोटीवर चढली असतीस."

"हो बाबा," पन्नाशीला टेकलेली लेक नेहमीसारखं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबा बोटीवरून पडले आणि बुडाले. त्यांना शवागारात ठेवून ती एकटीच खोलीवर परतली. अंगातला भिजलेला शर्ट तिने काढून बादलीत टाकला.

सकाळी तो शर्ट खुर्चीवर होता, कडक इस्त्रीचा आणि हाताला अजून कोमट. तिने तो पुन्हा बादलीत बुडवला. वळून बघते तर शर्ट खुर्चीवरच, आणि आता त्यावर तिची टोपीही.

"आटप," बाबा अगदी कानाशी म्हणाले. "बोट काय तुझी वाट बघत बसणार आहे?"

शर्ट तिच्या अंगात होता. तिचेच हात खालून वर एकेक गुंडी लावत निघाले होते. गळ्याची गुंडी तेवढी उरली, तेव्हा तिने ती मुठीत गच्च धरली.

"बाबा, मला तुमच्याबरोबर कधीच कुठे यायचं नव्हतं."