रिकाम्या पोटी

थंडीत हेमप्रभा दिवसभर शाल गुंडाळून पेंगत बसे. “म्हातारपणी आळस चढलाय हिला,” असं तिचे यजमान, फुकन मास्तर, सगळ्या जोरहाटला सांगत सुटले होते. माघ बिहूच्या सणाला तिनं पिठा, म्हणजे तिळाचं पक्वान्न, केलं नाही, तेव्हा तर पाहुण्यांदेखत बोलले.

एकदा ती चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं.

“थायरॉइडची गोळी एखादे दिवशी राहिली, तर आठवल्याबरोबर घ्यायची. तुम्ही तर बंदच केलीत! का?”

“विसरली असेल, दुसरं काय!” मास्तर फणकारले.

“विसरले नाही,” ती हळूच म्हणाली. “गोळीनंतर तासभर काही घेता येत नाही. आणि यांना उठल्या उठल्या चहा लागतो, तो एकट्यानं घशाखाली उतरत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून पहाटे जाग आली तरी मास्तर तासभर डोळे मिटून पडून राहू लागले.